दारातली औषधी झाडं: अडुळसा, गुळवेल, निर्गुडी ओळखायची कशी, लावायची कशी, वापरायची कशी

पावसाळा लागला की फॅमिली ग्रुपवर काढ्याच्या रेसिप्या फिरायला लागतात. तुळस, गुळवेल, अडुळसा, लवंग, मिरी, दालचिनी, ज्येष्ठमध, हाताला लागेल ते सगळं एका पातेल्यात, आणि किती टाकायचं, कोणी प्यायचं, किती दिवस प्यायचं ह्याचा मात्र पत्ता नसतो. मला ह्या प्रकाराचा मनापासून वैताग आलाय. आपल्या आज्ज्या असं कधी करत नव्हत्या. खोकल्याला अडुळसा, पोटाला ओवा, कंबरेला निर्गुडी, म्हणजे एका दुखण्याला एक, फार तर दोन वनस्पती, आणि त्याही परसातल्या, वर्षानुवर्षं डोळ्यासमोर वाढलेल्या, त्यामुळे ओळख चुकायचा प्रश्नच नव्हता.

म्हणून इथे पन्नास वनस्पतींची यादी मिळणार नाही. सातच झाडं घेतलीयत, जी महाराष्ट्रात कुठेही, अगदी फ्लॅटच्या गॅलरीतही जगतात: अडुळसा, गुळवेल, निर्गुडी, तुळस, पानओवा, गवती चहा आणि कोरफड. त्यातली पहिली तीन नीट समजून घ्या, बाकीची सोपी आहेत.

आधी ओळख, मग बाकी सगळं

रोप आणायला रस्त्यावरच्या हातगाडीपेक्षा कृषी विद्यापीठाची रोपवाटिका बरी, राहुरी, दापोली, अकोला जे जवळ असेल ते. दुसरं म्हणजे बहुतेक आयुर्वेद कॉलेजांना स्वतःचं वनौषधी उद्यान असतं, तिथे झाडापाशी नावाची पाटी असते. एकदा जाऊन झाड डोळ्याने बघा, परवानगी असेल तर पान चुरगाळून वास घ्या, खोडावरून हात फिरवा. मोबाईलचं अ‍ॅप फोटोवरून नाव सांगतं ते ठीक आहे, पण अ‍ॅपला वास येत नाही आणि खोडाची साल सोलून बघता येत नाही, तेव्हा पोटात घ्यायच्या वनस्पतीसाठी नुसत्या अ‍ॅपवर जाऊ नका.

नर्सरीत नावांचा घोळ असतो तोही सांगून ठेवतो. ब्राह्मी मागितली की बऱ्याच ठिकाणी गोल पानांची मंडूकपर्णी हातात देतात, खरी ब्राह्मी म्हणजे छोट्या, मांसल, लांबट पानांची ओलसर जागेत पसरणारी. ओव्याचं रोप म्हणून जे मिळतं, म्हणजे पानओवा, त्याचा स्वयंपाकातल्या ओव्याशी वासापलीकडे संबंध नाही. गवती चहाच्या नावाखाली कधीकधी सिट्रोनेला मिळतो, तो डास पळवायच्या तेलाचा, चहात टाकायचा नाही. सिट्रोनेलाच्या बुंध्यात लालसर झाक असते, गवती चहाचा बुंधा फिकट हिरवा-पांढरट असतो.

आणि हो, जंगलातून उपटून आणू नका. हे मी फक्त निसर्गप्रेमापोटी म्हणत नाहीये. सह्याद्रीत नरक्या नावाचं झाड आहे, त्याच्यात कॅम्प्टोथेसिन सापडतं, त्यापासून कॅन्सरवरची औषधं तयार होतात. ही मागणी कळल्यावर कोकण-घाटमाथ्यावर ते इतकं तोडलं गेलं की आता कित्येक ठिकाणी शोधावं लागतं. शिवाय जंगलात चूक झाली तर ती महागात पडते. पावसाळ्यात लाल-पिवळ्या ज्वाळेसारखं फूल येणारी कळलावी दिसायला सुंदर, पण तिच्या कंदात कोल्चिसिन नावाचं विष असतं आणि कंद रताळ्यासारखा समजून खाल्लेली माणसं दगावलीयत. कण्हेर, पिवळी बिट्टी, धोत्रा, गुंज, एरंडाच्या बिया ह्यांचीही नावं जुन्या औषधांत येतात, पण ती विष उतरवायची शुद्धी करून, वैद्याच्या हातून. घरच्या प्रयोगाला ह्यातलं काहीही हात लावायचं नाही, विषय संपला.

अडुळसा

सुरुवात ह्यानेच करा कारण हा मरत नाही. गुरं-शेळ्या तोंड लावत नाहीत म्हणून गावाकडे कुंपणाला लावतात. पानं समोरासमोर जोडीने, वीतभर लांब, दोन्ही टोकांना निमुळती, चुरगाळली की उग्र वास, आणि जिभेला लावलं तर कडू. थंडीत कणसासारखे तुरे येतात, फुलं पांढरी, खालच्या पाकळीवर जांभळट रेषा. काळा अडुळसा म्हणून दुसरं एक झुडूप असतं, त्याची पानं अरुंद आणि कोवळं खोड जांभळट, ते वेगळं, हे वेगळं.

लावायचा कसा: जून-जुलैत पेन्सिलीइतक्या जाडीची, वीतभर लांब काडी घ्या, तीन-चार पेरं असलेली. खालची पानं काढा, दोन पेरं मातीत जातील अशी तिरकी खोचा. माती साधी, थोडं शेणखत, पाणी तुंबायला नको. कुंडी किमान १२ इंची घ्या. वर्षभर पानं तोडायची नाहीत, झुडूप भरू द्या, मग हवी तेवढी तोडा.

आता रस. इथे बहुतेकांची गाडी अडते कारण अडुळशाचं ताजं पान मिक्सरमधून काढलं तरी रस सुटत नाही, नुसता हिरवा चोथा होतो. ह्यासाठीच जुन्या ग्रंथात पुटपाक सांगितलाय, म्हणजे पानांचा गोळा दुसऱ्या पानांत गुंडाळायचा, वरून मातीचा लेप द्यायचा, निखाऱ्यात भाजायचा, आणि मग पिळायचा. गॅसवर ह्याची सोपी आवृत्ती अशी: १०-१२ जून पानं (कोवळी नकोत, पिवळीही नकोत) धुवून पुसून घ्या. इडलीपात्रात किंवा शिटी काढलेल्या कुकरमध्ये ५-७ मिनिटं वाफवा. पान मरगळलं, रंग गडद झाला की बाहेर काढा, खलबत्त्यात कुटा, सुती फडक्यात घालून पिळा. वाफेने पान मऊ झालेलं असतं त्यामुळे आता रस धारेने येतो, काळपट हिरवा, दाट. मोठ्या माणसाला २ चमचे म्हणजे साधारण १० मिली, त्यात चमचाभर मध, सकाळ-संध्याकाळ. कफ दाटलेला, सुटत नाही अशा खोकल्याला हा चांगला. कोरड्या ढासेला त्याचा फार उपयोग नाही, तिथे ज्येष्ठमधाची काडी चघळलेली बरी.

रस रोज ताजा करायचा. ३-४ दिवसांत फरक पडला नाही तर थांबायचं, आठवडाभर ताणायचं नाही.

हे आज्जीबाईचं औषध म्हणून उडवून लावणाऱ्यांसाठी एक गोष्ट. अडुळशात व्हॅसिसिन नावाचं अल्कलॉइड असतं, त्याच्यावरूनच ब्रोमहेक्झिन बनवलं गेलं, १९६० च्या दशकात बाजारात आलं, आणि ब्रोमहेक्झिन शरीरात गेल्यावर त्याचं जे होतं ते अ‍ॅम्ब्रोक्सॉल. केमिस्टकडच्या कफ सुटायच्या बऱ्याच सिरपांवर ह्या दोघांपैकी एकाचं नाव असतं, बाटली फिरवून मागे वाचा. पण ह्याचा दुसरा अर्थ असा की अडुळसा हे खरंखुरं औषध आहे आणि औषधासारखंच वागवायला हवं. सिरप चालू असताना वरून अडुळसा घ्यायचा नाही. गरोदर बाईने तर अजिबात नाही, व्हॅसिसिनने गर्भाशय आकुंचन पावतं. लहान मुलांना मापं अंदाजाने द्यायची नाहीत, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचाच नाही, मग तो कितीही शुद्ध असो, त्यात बोट्युलिझम ह्या जीवघेण्या विषबाधेचे बीजाणू असू शकतात.

गुळवेल

कोविडच्या काळात हिचं जे झालं ते बघून वाईट वाटतं. लोक सकाळ-संध्याकाळ महिनोन् महिने प्यायले, कुठूनही वेल तोडून आणली, आणि २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या ६ पेशंटांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाचं म्हणणं पडलं की वनस्पतीची ओळखच नीट तपासलेली नाही, दुसरीच वेल असू शकते. पुढे आणखी डॉक्टरांनी अशाच केसेस मांडल्या. वाद चालू राहील, पण घरात वापरणाऱ्याने त्यातून दोन गोष्टी घ्यायच्या: ओळख पक्की करा, आणि रोजच्या चहासारखी पिऊ नका.

कुंपणावर बदामी पानांच्या वेली ढीगभर असतात, त्यामुळे पानावर जाऊ नका, खोड बघा. गुळवेलीचं जून खोड बोटाएवढं जाड, वरची साल राखाडी-तपकिरी, कागदासारखी पातळ, नखाने सोलली की सुटते आणि खाली हिरवंगार खोड दिसतं. खोड आडवं कापलं तर आत चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी दिसते. वरच्या फांद्यांवरून दोरीसारखी बारीक मुळं खाली लोंबतात. चव कडू. फळं वाटाण्याएवढी, गोल, पिकल्यावर लाल, घोसाने. हिची जी चुलत बहीण आहे तिच्या खोडावर ठसठशीत गाठी-फोड असतात, कापल्यावर दुधासारखा चीक येतो आणि फळं लांबट असतात. खोडावर तसे उंचवटे हाताला लागले तर ती वेल सोडून द्यायची.

लावायला अगदी सोपी, वीतभर तुकडा मातीत खोचला की फुटतो, तोडून टाकलेला तुकडाही कित्येक दिवस हिरवा राहतो. निंबावर चढलेली गुळवेल उत्तम असं सगळे वैद्य सांगतात, दारात कडुनिंब असेल तर त्याच्या बुडाशीच लावा. नसेल तर गॅलरीच्या ग्रिलवर चढवा, पण कण्हेर किंवा रुईच्या आधाराने नको.

घरी करायचा प्रकार म्हणजे हिम, म्हणजे न उकळता. अंगठ्याएवढ्या जाडीचा चार बोटं लांब ताजा तुकडा घ्या, साल सोला, खलबत्त्यात ठेचा, तंतू सुटले पाहिजेत. रात्री कपभर पाण्यात भिजत घाला, सकाळी कुस्करून गाळून प्या. ताप येऊन गेल्यावरचा अशक्तपणा, तोंडाला चव नसणं, अंगात कणकण, ह्यासाठी आठवडाभर घेतात. त्याहून पुढे जायचं असेल तर वैद्याला विचारून.

भांड्याच्या तळाशी पांढरा साका बसलेला दिसेल, ते गुळवेलीचं सत्त्व. हेच मोठ्या प्रमाणात करतात: किलोभर खोड ठेचून रात्रभर भिजवायचं, चोळून गाळायचं, पाणी न हलवता ठेवायचं, साका खाली बसला की वरचं पाणी हळूच ओतून टाकायचं, पुन्हा स्वच्छ पाणी, पुन्हा निवळ, असं दोन-तीनदा, मग ताटात पसरून वाळवायचं. किलोभर ओल्या खोडातून निघतं अगदीच थोडं. म्हणूनच स्वस्त सत्त्व दिसलं की त्यात कुठलं तरी दुसरं पीठ असणार असं धरून चालायचं.

यकृताचा कुठलाही त्रास, ल्युपस किंवा ऱ्हुमॅटॉइड संधिवातासारखे प्रतिकारशक्तीच उलटणारे आजार, अवयव बदलल्यावरची औषधं, ह्यात गुळवेल घ्यायची नाही. डायबिटीसच्या गोळ्या चालू असतील तर साखर जास्त खाली जाऊ शकते, डॉक्टरला सांगूनच. आणि घेत असताना डोळे पिवळे वाटले, लघवी गडद झाली, खाज सुटली, तर लगेच बंद करून रक्त तपासायचं.

काढा करताना

काढा म्हणजे वस्तू पाण्यात टाकून उकळी आणणं नव्हे. शार्ङ्गधर संहिता ह्या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात पाच मूळ प्रकार सांगितलेत: स्वरस (पिळलेला रस), कल्क (वाटलेली चटणी), क्वाथ (काढा), हिम (रात्रभर भिजवलेलं) आणि फांट (गरम पाण्यात टाकून झाकलेलं). कुठल्या वनस्पतीला कुठला, हे तिच्या अंगावरून ठरतं. खोड, साल, मूळ, सुकं फळ असं टणक काही असेल तर काढा. वासाचं पान असेल तर फांट, कारण उकळलं की सुगंधी तेलच उडून जातं आणि हातात कडवट पाणी राहतं. तुळस आणि गवती चहा खळाखळा उकळणारे लोक सगळा माल वाफेबरोबर घालवतात (घर मात्र छान दरवळतं).

काढ्याचं माप: सुकी वस्तू भरड कुटायची, पीठ नको, रव्यापेक्षाही जाड. १० ग्रॅम भरडीला १६ पट म्हणजे १६० मिली पाणी. तासभर भिजू द्या. मग झाकण न ठेवता मंद आचेवर आटवायचं, चौथा हिस्सा म्हणजे ४० मिली उरेपर्यंत. ग्रंथात आठवा हिस्साही सांगितलाय, घरी चौथ्यावर थांबलेलं बरं. सुरुवातीला लाकडी चमच्याच्या दांड्यावर पाण्याची पातळी खूण करून ठेवली की किती आटलं ते कळतं. स्टीलचं किंवा मातीचं भांडं, अ‍ॅल्युमिनियम नको, लोखंडी कढई तर नकोच, हिरडा-आवळ्यासारखी तुरट वस्तू त्यात शाईसारखी काळी पडते. मध घालायचा तर कोमट झाल्यावर. सकाळचा काढा संध्याकाळी चालतो, दुसऱ्या दिवशी नाही, फ्रिजमध्ये ठेवून आठवडाभर पुरवायचा नाही.

फांटाला १ भाग पान आणि ४ भाग गरम पाणी असं माप आहे, पण ते बरंच कडक होतं. घरी एका कपाला तुळशीची ७-८ पानं किंवा गवती चहाची दोन पाती कात्रीने कापून, वरून उकळतं पाणी ओतून, बशी झाकून १० मिनिटं ठेवली तरी पुरतं. बशी काढली की आतल्या बाजूला थेंब जमलेले असतात, ते पुन्हा कपात झटकायचे.

निर्गुडी आणि तिचं तेल

निर्गुडी गावाकडे ओढ्याकाठी सगळीकडे असते. एका देठाला तीन किंवा पाच पानं, हाताच्या बोटांसारखी पसरलेली, वरून हिरवी, खालून चंदेरी-राखाडी. फुलं निळसर जांभळी, वास असा की एकदा घेतला की विसरत नाही. धान्याच्या कणगीत तिचा सुका पाला घालायची पद्धत होती, किडे लागू नयेत म्हणून. काडीपासून लागते, पण मोठी होते, तेव्हा कुंडी मोठी घ्या आणि दर वर्षी छाटा.

साधा उपयोग म्हणजे शेक. दोन मुठी पाला तव्यावर गरम करायचा, फडक्यात पुरचुंडी बांधायची, कंबर-गुडघ्याला शेकायचं, गार झाली की पुन्हा तव्यावर टेकवायची. नाहीतर बादलीभर अंघोळीच्या पाण्यात पाला उकळून त्याने शेकत अंघोळ. ह्याला काही अडचण नाही, भाजणार नाही एवढं बघा, डायबिटीसमुळे पायाची संवेदना गेलेल्या माणसाने मात्र शेक घेऊच नये, त्याला चटका बसलेला कळत नाही.

तेल करायला थोडा वेळ लागतो पण सुट्टीच्या दिवशी करून बघाच. प्रमाण असं: पाल्याची चटणी १ भाग, तिळाचं तेल ४ भाग, पाल्याचा रस किंवा काढा १६ भाग. म्हणजे पाव वाटी चटणी, एक वाटी तेल, चार वाट्या रस. घाण्याचं तीळतेल घ्या, फोडणीचं रिफाइंड नको. जाड बुडाच्या, बऱ्यापैकी खोल पातेल्यात तिन्ही एकत्र करून मंद आचेवर ठेवा आणि तिथून हलू नका. आधी भरपूर उकळेल, कडेने हिरवा फेस येईल. तासाभराने पाणी कमी झालं की आवाज बदलतो, बुडबुड्याची चरचर सुरू होते. आता खरं लक्ष द्यायचं. तळाला चटणी चिकटू नये म्हणून उलथन्याने सतत खरवडत राहा. ही चटणी सुरुवातीला चिखलासारखी चिकट असते, मग हळूहळू मेणासारखी होते.

झालं की नाही ते बघायला उलथन्यावर थोडी चटणी घ्या, किंचित निवली की दोन बोटांत वळा. तिची वातीसारखी वळी झाली पाहिजे, बोटाला चिकटता कामा नये. ती वळी चिमट्यात धरून ज्योतीवर धरा, तडतड आवाज आला तर आत अजून पाणी आहे, आवाज न करता जळली तर तेल सिद्ध झालं. त्याच सुमाराला तेलावर बारीक फेस येतो, तुपाचं उलटं असतं, तूप सिद्ध झालं की फेस जातो. इथे पाच मिनिटं जास्त झाली तर चटणी करपते आणि तेलाला जळका वास लागतो, मग ते फेकायचं. गॅस बंद करून गरम असतानाच फडक्यातून गाळा, पूर्ण निवल्यावर कोरड्या काचेच्या बाटलीत भरा. पाण्याचा एक थेंब राहिला तरी खवट होतं. हे फक्त वरून लावायचं, पोटात नाही, उघड्या जखमेवर नाही. पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला लावून दिवसभर बघा, पुरळ आलं तर ते तुमच्यासाठी नाही.

बाकीची चार, थोडक्यात

तुळस काळी असो की हिरवी, दोन्ही चालतात. मंजिऱ्या खुडत राहा, नाहीतर झाड लवकर वठतं. सर्दीला फांट, आल्याच्या किसाबरोबर. सब्जा हे तुळशीचंच भावंड, पण बी वापरायचं, ते वेगळं प्रकरण.

पानओवा म्हणजे जाड, लवदार, कातरलेल्या कडांची पानं. फांदी मोडून मातीत खोचली की झालं, जास्त पाण्याने मात्र सडतो. नाक चोंदलं असेल तर पान तव्यावर शेकून पिळायचं आणि चमचाभर रस मधातून घ्यायचा. पावसात भजी करा, ती औषध म्हणून नव्हे, पण कोणाला ओव्याच्या पानाचं वावडं असेल तर आधी भज्यांवरूनच कळेल.

गवती चहाला मोठी कुंडी आणि ऊन लागतं, दर दोन वर्षांनी ठोंब फोडून लावायचा. पाती बुडापासून कापायची, ओढायची नाही, कडा हाताला कापतात.

कोरफडीच्या बाबतीत एकच गोष्ट महत्त्वाची. पात कापल्यावर साल आणि गर ह्यांच्यामधून पिवळा, कडू चीक येतो. पात कापलेलं टोक खाली करून अर्धा तास उभी ठेवायची, चीक निथळू द्यायचा, मग साल काढून गर दोन-तीन पाण्यांतून धुवायचा. तो चीक जालीम रेचक आहे, अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण खात्याने, २००२ मध्ये तो दुकानातल्या जुलाबाच्या औषधांतून काढायला लावला. गर चटक्यावर, उन्हाने रापलेल्या कातडीवर लावा. पोटात घ्यायचा हट्ट नको, गरोदरपणात आणि अंगावर पाजताना तर नकोच.

हळद झाडांच्या यादीत घेतली नाही कारण ती डब्यात असतेच. खरचटलेल्यावर हळद लावणं आपल्याला इतकं अंगवळणी आहे की १९९५ मध्ये अमेरिकेत जखमेवरच्या हळदीला पेटंट मिळालं हे ऐकून लोक हबकले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआर ह्या सरकारी संशोधन संस्थेचे प्रमुख, त्यांनी जुने ग्रंथ आणि शोधनिबंध पुरावा म्हणून पुढे केले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. तर हळद लावा, पण सुटी पावडर फार भडक पिवळी दिसली तर घेऊ नका, लेड क्रोमेट म्हणजे शिशाच्या रंगाची भेसळ होते. हळकुंड आणून दळलेलं बरं.

ह्या गोष्टींत झाडपाला नाही

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, थुंकीत रक्त, संध्याकाळचा ताप, वजन घटणं: थुंकी तपासायची, टीबीची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात फुकट आहेत. काविळीवर नाकात थेंब टाकणारे, माळ बांधणारे गावोगाव आहेत, लोक बरेही होतात, कारण हिपॅटायटिस ए बहुतेकांचा आपोआप बरा होतो, पण बी किंवा सी असेल, पित्तनळीत खडा असेल, तर तेवढ्या वेळात यकृत हातचं जातं. डेंग्यूत पपईच्या पानाचा रस द्यायच्या नादात पाणी आणि प्लेटलेट बघायचं राहून जातं. साप चावला तर पाला चोळत बसायचं नाही, अंगाला बांधायचं नाही, चिरा द्यायचा नाही, अ‍ॅन्टिव्हेनम म्हणजे विषावरचं इंजेक्शन जिथे आहे तिथे थेट.

रक्त पातळ करायच्या गोळ्या, फिटची, थायरॉइडची, बीपीची औषधं चालू असणाऱ्यांनी डॉक्टरला काय घेतोय ते सांगायचं. ज्येष्ठमध निरुपद्रवी वाटतं पण रोज जास्त खाल्लं तर बीपी वाढतं आणि पोटॅशियम घटतं, बीपीवाल्यांनी काडी चघळायची सवयसुद्धा लावू नये. ऑपरेशन ठरलं असेल तर दोन आठवडे आधी सगळं बंद. आणि बाळगुटीतलं वेखंड सहाणेवर उगाळून देण्याआधी मुलांच्या डॉक्टरला विचारा, पहिले ६ महिने फक्त आईचं दूध हे जागतिक आरोग्य संघटनेचंही म्हणणं आहे.

वाळवणं, विकत घेणं, ठेवणं

पानं पावसाळ्यात वाळवायची नाहीत, कोकणात आणि मुंबईत तर बुरशीच येते. दिवाळी झाली की हवा कोरडी होते, तेव्हा तोडा, सकाळी दव गेल्यावर. सावलीत, जुन्या सुती साडीवर एका थराने पसरून, रोज हलवून. आठ-दहा दिवसांनी पान मुठीत दाबलं की कुरकुर वाजून मोडलं पाहिजे, वाकलं तर अजून ओलं आहे. उन्हात वाळवलं तर रंग आणि वास दोन्ही जातात. खोड आणि मुळं ओली असतानाच तुकडे करून वाळवा, नंतर कोयत्यालाही दाद देत नाहीत.

हिरडा, बेहडा, ज्येष्ठमध, पिंपळी अशा गोष्टी काष्ठौषधीच्या, म्हणजे सुकी झाडमुळं विकणाऱ्या दुकानातून अख्ख्या घ्या, चूर्ण घेऊ नका, अख्ख्यात भेसळ दिसते, चुर्णात नाही. बाळहिरडा (कोवळाच वाळवलेला हिरडा) भीमाशंकर-जुन्नरच्या डोंगरात महादेव कोळी कुटुंबं गोळा करतात, तिकडे जाणं झालं तर गावातूनच घ्या, चार पैसे त्यांना मिळतात आणि मालही ताजा असतो. हिरडा घेताना पाण्यात टाकून बघायचा, बुडतो तो चांगला. तीच गोष्ट वजनाची, हातात हलका लागला तर पोखरलेला असणार.

शार्ङ्गधराने चूर्णाची ताकद दोन महिन्यांत उतरते असं लिहिलंय, तेव्हा किलोभर दळून ठेवायचं नाही, लागेल तसं १००-१०० ग्रॅम. काचेची बरणी, झाकण घट्ट, गॅसच्या वरच्या फळीवर नको. बरणीवर वनस्पतीचं नाव, कुठला भाग, कुठून आणलं आणि तारीख लिहून चिकटवा, कारण सुकलेला अडुळसा आणि सुकलेली निर्गुडी चुरा झाल्यावर सहा महिन्यांनी घरातल्या दुसऱ्या कोणाला ओळखू येणार नाही. चिठ्ठी नसलेली बरणी सापडली तर वास घेऊन अंदाज बांधत बसू नका, कुंडीत खत म्हणून रिकामी करा.